मीरतच्या छावणीत पकडलेला तळेगावचा तरुण: १८५७ ची आठवण आणि गदरची योजना

धागालेखक: नदीकाठ

२३ मार्च १९१५ रोजी मीरतच्या लष्करी छावणीत, बाराव्या रिसाल्याच्या बराकींमध्ये एक मराठी तरुण बाँबसह पकडला गेला. नाव विष्णू गणेश पिंगळे, गाव पुणे जिल्ह्यातील तळेगाव ढमढेरे, वय सत्तावीस. शिक्षणासाठी अमेरिकेला गेलेले पिंगळे तिथे गदर पक्षात सामील झाले आणि १९१४ च्या अखेरीस हिंदुस्थानात परतले. त्यांच्याजवळ सापडलेले बाँब अर्धी पलटण उडवून द्यायला पुरेसे होते, अशी नोंद सरकारी अहवालात आहे. १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या मध्यवर्ती तुरुंगात कर्तारसिंग सराभा आणि इतर पाच जणांबरोबर त्यांना फाशी देण्यात आले.

या घटनेतले स्थळ माझ्या मनातून जात नाही. १० मे १८५७ च्या रविवारी संध्याकाळी याच मीरतमध्ये शिपायांनी शस्त्रे उचलली होती आणि रातोरात दिल्लीची वाट धरली होती. पिंगळे उत्तरेतल्या अनेक छावण्यांमधून फिरले होते आणि मीरत ही त्यांपैकी एक होती, हे मान्य केले तरी अठ्ठावन्न वर्षांनंतर एक माणूस त्याच छावणीतल्या शिपायांशी उठावाबद्दल बोलत होता, याला मी निव्वळ योगायोग म्हणू शकत नाही. ते ज्या पक्षाचे होते, त्या पक्षाची सगळी योजनाच १८५७ वर बेतलेली होती.

पक्षाच्या नावापासूनच हे दिसते. ‘गदर’ हा शब्द १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानात राज्यकर्त्यांच्या आणि राजनिष्ठांच्या तोंडी रुळला होता आणि त्यात बेइमानी, दंगा, अनागोंदी असा हिणकस अर्थ भरलेला होता. १९१३ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील लाकूड गिरण्यांत आणि शेतांत राबणाऱ्या पंजाबी मजुरांनी सोहनसिंग भकना यांच्या अध्यक्षतेखाली आणि लाला हरदयाळ यांच्या पुढाकाराने संघटना उभारली. सॅन फ्रान्सिस्कोतील आपल्या कार्यालयाला त्यांनी ‘युगांतर आश्रम’ हे नाव दिले. १ नोव्हेंबर १९१३ रोजी आपल्या उर्दू साप्ताहिकाचा पहिला अंक काढताना मात्र त्यांनी नेमका तोच बदनाम शब्द मथळ्यावर घेतला. आमचे नाव गदर, आमचे काम गदर आणि हा गदर हिंदुस्थानात होणार, असे पहिल्याच अंकात जाहीर झाले. पुढे गुरुमुखी आवृत्ती निघाली, तेव्हा कर्तारसिंग सराभा हा जेमतेम सतरा वर्षांचा मुलगा ती हातयंत्रावर छापत असे.

या साप्ताहिकात ‘अंग्रेजी राज का कच्चा चिठ्ठा’ या मथळ्याखाली चौदा कलमांची एक यादी छापली जात असे. देशातून बाहेर जाणारा पैसा, दुष्काळ, प्लेग, करांचा बोजा अशी कलमे तिच्यात होती. शेवटच्या दोन कलमांपाशी मात्र मी प्रत्येक वेळी थांबतो. तेराव्या कलमात हिशेब आहे: ब्रिटिश हिंदुस्थानात चोवीस कोटी आणि संस्थानांत सात कोटी लोक, आणि त्यांच्यासमोर इंग्रज अधिकारी व सैनिक मिळून ७९,६१४, शिवाय ३८,९४८ स्वयंसेवक. चौदावे कलम सांगते की १८५७ च्या गदरला छप्पन्न वर्षे झाली, आता दुसरा हवा. वर्षे मोजलेली आहेत आणि बंदुकाही मोजलेल्या आहेत. उत्सवात ज्या आठवणीने ऊर भरून येतो, तिच्याहून ही आठवण वेगळी होती. जुन्या उठावाकडे हे लोक अर्धवट राहिलेले काम म्हणून पाहत होते आणि ते कसे पुरे करायचे, याचा आराखडाही त्यातूनच घेत होते. छावण्यांमध्ये शिरायचे, शिपाई फोडायचे, एक तारीख ठरवायची आणि त्या दिवशी सगळीकडे एकदम उठायचे, अशी ती योजना होती. तारीख ठरली २१ फेब्रुवारी १९१५. आत शिरलेल्या खबऱ्याचा संशय आल्यावर ती १९ फेब्रुवारीवर आणली गेली. तीही फुटली आणि लाहोर व फिरोजपूरच्या पलटणींत उठाव होण्याआधीच धरपकड झाली.

माझे म्हणणे असे आहे की आठवणीने या माणसांना घरदार, कमाई सोडून समुद्र ओलांडण्याचे बळ दिले, हे खरे. पण त्याच आठवणीने त्यांची दृष्टी एका ठिकाणी बांधूनही ठेवली. १८५७ चे लष्कर १९१५ मध्ये उरलेच नव्हते. उठाव मोडल्यावर इंग्रजांनी पील आयोग नेमला आणि त्यानंतर बंगालच्या सैन्यात दोन देशी शिपायांमागे एक गोरा, मुंबई आणि मद्रासकडे तिघांमागे एक, असे प्रमाण राखायचे ठरले. तोफखाना जवळजवळ पूर्णपणे गोऱ्यांच्या हाती गेला. अवधच्या पुरबी शिपायांची भरती घटत गेली आणि पंजाबची इतकी वाढली की पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर सुमारे निम्मे सैन्य पंजाबातून येत होते. सत्तावन्नची आठवण इंग्रजांनीही जपली होती, आणि त्यांनी ती कायद्यात, भरतीच्या नियमांत आणि छावण्यांच्या रचनेत जपली होती. लखनौच्या रेसिडेन्सीवरचा त्यांचा झेंडा १९४७ पर्यंत रात्रीसुद्धा उतरवला जात नव्हता.

मागच्या उठावाची आठवण जहाल चळवळींना नेमके काय देते आणि त्यांच्या नजरेआड काय करते, यावर जाणकारांचे म्हणणे वाचायला आवडेल.

प्रतिसाद: हस्तलिखित

लेख मनापासून आवडला. लंडनचा दुवा त्याला जोडायला हवा, कारण छावण्यांमध्ये एकाच वेळी उठण्याच्या कल्पनेला ग्रंथरूप तिथे मिळाले.

१९०७ साली उठावाला पन्नास वर्षे झाली. इंग्रजांनी ती आपल्या विजयाची पन्नास वर्षे म्हणून साजरी केली आणि त्या डिसेंबरात बंड मोडणाऱ्या वृद्ध सैनिकांना अल्बर्ट हॉलमध्ये समारंभपूर्वक मेजवानी दिली. हायगेटमधील श्यामजी कृष्णवर्मांच्या इंडिया हाउसमध्ये राहणाऱ्या विद्यार्थ्यांना हे सहन होणे शक्यच नव्हते. १९०८ च्या मे महिन्यात तिथे हुतात्म्यांचा स्मरणदिन झाला, बिल्ले वाटले गेले, आणि ते बिल्ले छातीवर लावून काही विद्यार्थी कॉलेजात गेले. काढा म्हटल्यावर त्यांनी नकार दिला. विशीतल्या मुलाने परक्या देशात, शिक्षण पणाला लावून, छातीवरचा बिल्ला न काढणे ही गोष्ट मला मोठी वाटते.

याच काळात सावरकरांनी १८५७ वरचा ग्रंथ मराठीत लिहिला. त्याचे इंग्रजी भाषांतर १९०९ मध्ये निघाले, पण प्रकाशित होण्याआधीच त्यावर बंदी आली होती. ग्रंथाचा बराच आधार के आणि मॅलेसन या इंग्रज इतिहासकारांवर आहे. जेत्याने लिहिलेल्या हकिकतींतून हरलेल्यांची बाजू उकलून काढणे हे त्याचे मोठे सामर्थ्य आहे. ३१ मे ही सर्वत्र उठण्याची ठरलेली तारीख होती आणि मीरतच्या घाईने ती चुकली, ही मांडणी या ग्रंथाने घट्ट केली. उठाव फसला तो वेळापत्रक बिघडल्यामुळे, असे एकदा मनाने घेतले, की पुढच्या वेळी वेळापत्रक पाळले म्हणजे झाले, हा निष्कर्ष आपोआप निघतो. १९५७ च्या शताब्दीला सुरेंद्रनाथ सेन आणि रमेशचंद्र मजुमदार यांनी पूर्वनियोजित अखिल भारतीय कटाची कल्पना नाकारली. पण गदरवाल्यांच्या हाती १९१३ साली सेन-मजुमदार नव्हते. त्यांच्या साप्ताहिकातून सावरकरांच्या ग्रंथातले भाग छापून येत होते.

या ग्रंथाचे मूळ मराठी हस्तलिखित डॉ. कुटिन्हो या गोमंतकीय सहकाऱ्यापाशी अमेरिकेत राहिले आणि स्वातंत्र्यानंतरच परत आले, हेही इथे नोंदवतो. तोवर मराठी वाचकाला हा मराठी ग्रंथ भाषांतरावरून उलटा मराठीत आणलेल्या रूपात वाचावा लागत होता.

प्रतिसाद: पाचनद

माझी नोकरी बरीच वर्षे पंजाबात झाली. त्यामुळे एक मुद्दा मांडावासा वाटतो, जो मराठी लेखनात सहसा येत नाही.

गदर पक्षात बहुसंख्येने पंजाबी शीख होते, आणि पंजाबातल्या शिखांच्या घरात १८५७ ची आठवण अभिमानाची असणे मुळातच अवघड होते. १८४९ मध्ये इंग्रजांनी शीख राज्य बुडवले, तेव्हा कंपनीच्या बाजूने लढणारे शिपाई पुरबी होते. आठ वर्षांनी तेच पुरबी बंड करून दिल्लीत बसले, तेव्हा त्यांच्यासाठी जीव टाकावा असे पंजाबला वाटले नाही. पटियाळा, नाभा आणि जिंदच्या राजांनी इंग्रजांना फौजा आणि रसद पुरवली, आणि सप्टेंबर १८५७ मध्ये दिल्ली परत घेणाऱ्या सैन्यात पंजाबी शिपाई मोठ्या संख्येने होते. म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोत बसून ‘गदर’ हे नाव घेणाऱ्यांचे आजे-पणजे तो गदर मोडायला गेलेले होते.

म्हणूनच गदरच्या कवितांमध्ये १८५७ चा उल्लेख येतो तेव्हा त्यात गौरवाबरोबर पश्चात्तापही असतो. आपण तेव्हा गोऱ्यांना साथ दिली, ही आपली चूक झाली, असा सूर त्यांत आहे. ही आठवण त्यांना वारशाने मिळालेली नव्हती. कॅनडा आणि अमेरिकेत ज्या साम्राज्यासाठी रक्त सांडले, त्याच्या नावावर बंदरात साधा प्रवेशही मिळत नाही, हे अनुभवल्यावर त्यांनी ती जाणूनबुजून स्वीकारली. आपल्या घराण्याने ज्या बाजूला शस्त्र धरले, तिच्या विरुद्धच्या बाजूला पूर्वज मानणे हे किती कठीण असते, याचा विचार केला की मला या अर्धशिक्षित मजुरांबद्दल अतोनात आदर वाटतो.

प्रतिसाद: माळरान

धागालेखकांच्या मुख्य निष्कर्षाशी मी सहमत नाही. योजना जुनी होती म्हणून फसली, असे म्हणण्याआधी ती खबऱ्यामुळे फसली हे लक्षात घ्यावे. कृपालसिंग आत शिरला नसता तर काय झाले असते, हे आपण आज खात्रीने सांगू शकत नाही. युद्धामुळे गोऱ्या पलटणी मोठ्या संख्येने युरोपात गेल्या होत्या, त्यामुळे तेराव्या कलमातले गणित १९१५ मध्ये आणखी अनुकूल झाले होते.

शिवाय सिंगापूर विसरून चालणार नाही. १५ फेब्रुवारी १९१५ रोजी, म्हणजे लाहोरच्या ठरलेल्या तारखेच्या सहा दिवस आधी, तिथल्या पाचव्या लाइट इन्फंट्रीच्या शिपायांनी खरोखर उठाव केला. त्यात गदरच्या प्रचाराचा वाटा होता, तुर्कस्तानच्या सुलतानाविरुद्ध लढायला पाठवतील या भीतीचा होता आणि पलटणीतल्या अंतर्गत कुरबुरींचाही होता. उठाव मोडल्यावर सत्तेचाळीस शिपायांना तुरुंगाच्या भिंतीपाशी, जमलेल्या गर्दीसमोर गोळ्या घालण्यात आल्या. देशी शिपाई उठू शकतो, हे गदरवाल्यांचे गृहीतक चुकीचे नव्हते, एवढे तरी यावरून मान्य करायला हवे.

प्रतिसाद: धागालेखक नदीकाठ

माळरान, आपला आक्षेप योग्य आहे आणि सिंगापूरचा उल्लेख मूळ लेखात यायलाच हवा होता. शिपाई उठणारच नाही, असे मला म्हणायचे नव्हते. मी माझे म्हणणे अधिक नेमके मांडतो.

१८५७ मध्ये शिपायांनी शस्त्र उचलल्यावर अवधमध्ये खेडी उठली, तालुकदार उठले, आणि म्हणून तो उठाव वर्षभर टिकला. शिपाई हा गणवेशातला शेतकरी होता आणि त्याच्या मागे त्याचे गाव उभे होते. गदरचे लोक जहाजांमधून उतरून पंजाबच्या खेड्यांत गेले तेव्हा ते गाव त्यांच्या मागे उभे राहिले नाही. भरतीचा पगार, निवृत्तिवेतन आणि कालव्यांच्या वसाहतींतली जमीन या धाग्यांनी ते गाव सरकारशी बांधले गेले होते. चीफ खालसा दिवाण या शिखांच्या संस्थेच्या पुढाऱ्यांनी गदरवाल्यांना पतित ठरवले. जुन्या उठावातला शिपाई त्यांना आठवला, पण त्याच्या मागचे गाव त्यांच्या योजनेत फारसे आले नाही. ही उणीव खबऱ्याच्या आधीची आहे.

पाचनद यांनी मांडलेला पश्चात्तापाचा मुद्दा मला आजवर सुचला नव्हता. त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

दुसऱ्या बाजूचीही दखल घ्यायला हवी, कारण सत्तेच्या आठवणीनेही माणसे मेली आहेत. १९०७ च्या मे महिन्यात पंजाबात शेतकऱ्यांचे आंदोलन पेटले असताना, १० मे ची पन्नाशी जवळ येते आहे या धास्तीने सरकार बावरले आणि ९ मे रोजी लाला लजपतराय यांना पकडून मंडालेला धाडण्यात आले. भगतसिंगांचे काका अजितसिंग यांची पाठवणीही पुढच्या महिन्यात झाली. १९१५ मध्ये घाईने आलेला भारत संरक्षण कायदा, त्याची मुदत संपेल म्हणून आणलेला रौलट कायदा, आणि १९१९ मध्ये पंजाबात सत्तावन्नची पुनरावृत्ती होते आहे अशा समजुतीत वागणारे ओड्वायर आणि डायर, या साखळीत सत्ताधाऱ्यांच्या मनातले १८५७ ठिकठिकाणी दिसते.

प्रतिसाद: वरसई

या चर्चेत एक मराठी साक्षीदार आणावासा वाटतो. विष्णुभट गोडसे हे कुलाबा जिल्ह्यातल्या वरसईचे भिक्षुक. दक्षिणा मिळवण्यासाठी उत्तरेत गेले आणि बंडात सापडले. एप्रिल १८५८ मध्ये झाशी पडली तेव्हा ते शहरात होते. जळती घरे, विजन म्हणजे सरसकट कत्तल, पाण्यासाठीची तडफड हे त्यांनी पाहिले, आणि मिळवलेले सारे लुटले गेल्यावर गंगाजलाची कावड खांद्यावरून घरी आणून आई-वडिलांना स्नान घातले. त्यांची हकिकत चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केली, तीही बरेच बदल करून. मूळ पाठ वाचकांसमोर यायला १९६६ उजाडले.

म्हणजे एकाच पन्नाशीच्या सुमारास मराठीत दोन सत्तावन्न उभी राहिली. एकात स्वातंत्र्ययुद्धाचा जाहीरनामा होता आणि दुसऱ्यात कावड घेतलेला एक घाबरलेला, थकलेला ब्राह्मण होता. चळवळीने कोणते उचलले हे उघड आहे, आणि तिचा नाइलाजही मला समजतो. भीतीने थरथरणाऱ्या माणसाच्या आठवणीवर कोणी छावणीत शिरत नाही. तरीही उठाव हरतो तेव्हा शहरात राहिलेल्या साध्या माणसाचे काय होते, हे ज्या आठवणीत नाही ती मला अपुरी वाटते.

जोतीराव फुल्यांनी या बंडाकडे संशयाने पाहिले होते, हेही महाराष्ट्रात बोलताना विसरू नये. नानासाहेब जिंकले असते तर पेशवाई परतली असती आणि ती शूद्रातिशूद्रांसाठी काय घेऊन आली असती, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. ज्यांना तो उठाव आपला वाटत नाही, त्यांना त्याच्या आठवणीवर उभी राहणारी चळवळ आपली वाटणे कठीण असते.

प्रतिसाद: पाचनद

वरसई यांच्या शेवटच्या वाक्याला पंजाबातली पुष्टी देतो. तिथे आज जिवंत असलेली आठवण १८५७ ची नाही, गदरची आणि १९०७ च्या शेतकरी आंदोलनाची आहे. जालंधरच्या देशभगत यादगार हॉलमध्ये दरवर्षी १ नोव्हेंबरच्या सुमारास ‘गदरी बाब्यांचा मेळा’ भरतो. दिल्लीच्या सीमांवर शेतकरी बसले होते तेव्हा २३ फेब्रुवारी २०२१ हा दिवस त्यांनी ‘पगडी संभाल दिवस’ म्हणून पाळला आणि अजितसिंगांची आठवण केली. कसणाऱ्याची जमीन आणि पिकाचा दाम हे प्रश्न त्या आठवणीत पहिल्यापासून होते, म्हणून ती शंभर वर्षांनी ट्रॅक्टरवर बसून आली.

प्रतिसाद: हस्तलिखित

धागालेखकांना एक प्रश्न विचारतो. आठवण जुना आराखडा गळ्यात बांधते, हे तुमचे म्हणणे घटकाभर मान्य केले, तर भगतसिंगांचे काय? सराभांचे छायाचित्र ते नेहमी जवळ बाळगत, नौजवान भारत सभेच्या व्यासपीठावर त्याची पूजा बांधली जाई, आणि गदरच्या जुन्या कार्यकर्त्यांच्या ‘किरती’ मासिकात ते लिहीत होते. इतकी जवळीक असूनही ते छावणीत शिरले नाहीत.

प्रतिसाद: धागालेखक नदीकाठ

हाच फरक मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. सराभा फाशी गेले तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते आणि भगतसिंग आठ वर्षांचे. भगतसिंगांनी त्यांच्याकडून निर्भयता घेतली, हिंदू-शीख-मुसलमान एकत्र येण्याचा आग्रह घेतला, आणि योजना मात्र ठेवून दिली. ८ एप्रिल १९२९ रोजी त्यांनी आणि बटुकेश्वर दत्त यांनी मध्यवर्ती विधिमंडळात बाँब टाकले ते कुणाला मारण्यासाठी नव्हते. पत्रके उधळून ते जागीच उभे राहिले, कारण पुढची लढाई त्यांना न्यायालयात लढायची होती. लाहोरच्या १९१५ च्या खटल्यात चोवीस जणांना फाशी सुनावली गेली आणि सतरा जणांची शिक्षा कमी झाली, पण ते सगळे बंद दाराआड घडले आणि देशाला फारसे ऐकू आले नाही. नव्या पिढीने ते ओळखले होते आणि खटल्याचेच व्यासपीठ केले. मेलेल्या माणसाचे छायाचित्र खिशात ठेवून त्याची चूक टाळणे यालाच मी आठवणीचा खरा उपयोग समजतो.

शिपायांचा मार्ग मात्र पुढे परत आला, आणि तो आणणारा माणूस १९१५ चाच होता. लाहोरच्या कटाचे सूत्रधार रासबिहारी बोस जपानला निसटले होते. ४ जुलै १९४३ रोजी सिंगापुरात त्यांनीच चळवळीची सूत्रे सुभाषबाबूंकडे सोपवली. त्यानंतर झाशीच्या राणीच्या नावाची पलटण उभी राहिली, ‘चलो दिल्ली’ची घोषणा घुमली, आणि रंगूनमध्ये बहादूरशहा जफर यांच्या कबरीवर सप्टेंबर १९४३ मध्ये मानवंदना दिली गेली. युद्ध संपल्यावर इंग्रजांनी आझाद हिंद सेनेचे अधिकारी शाहनवाज खान, प्रेमकुमार सहगल आणि गुरबक्षसिंग धिल्लाँ यांच्यावरचा खटला भरवला तो लाल किल्ल्यात, जिथे १८५८ च्या जानेवारीत बहादूरशहाला आरोपी म्हणून उभे केले होते.

या वेळी दारे बंद नव्हती. बचावासाठी भुलाभाई देसाई उभे होते, आणि वर्तमानपत्रे रोजची जबानी छापत होती. जन्मठेपेची शिक्षा सुनावली गेली, पण जानेवारी १९४६ मध्ये सरसेनापती ऑकिनलेक यांना ती माफ करावी लागली. पुढच्याच महिन्यात, १८ फेब्रुवारीला, मुंबईत ‘तलवार’ या नौदल केंद्रावरच्या नौसैनिकांनी काम बंद केले. त्यांच्या मागण्यांत जेवणाचा दर्जा होता, पगार होता, आणि आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटकाही होती. त्या वेळी कामगार संपावर गेले, दुकाने बंद झाली आणि मुंबईचे लोक शिधा घेऊन नौसैनिकांसाठी बंदरावर गेले.